नाव लिंबाचं, काम बुरशीचं



तिथीला हिरवं नाही, म्हणून लिंबू बंद. मग ढोकळ्यात, डाळीत आंबट काय? लिंबूफूल! सासूबाईंनी शिकवलं, मी चाळीस वर्षं तेच केलं. लिंबाचा रस वाळवून हे पांढरे दाणे करतात, असंच धरून चालले होते.

परवा सुनेने विचारलं, "मम्मी, हे कशापासून बनतं माहीत आहे?" मी पडले कॉमर्सची. मग बसून वाचलं.

लिंबूफूल म्हणजे सायट्रिक आम्ल. १७८४ मध्ये शेले या रसायनतज्ज्ञाने लिंबाच्या रसातून त्याचे खडे काढले. पुढे शंभराहून जास्त वर्षं ते लिंबापासूनच होत असे. १९१७ मध्ये अमेरिकेत जेम्स करी यांनी दाखवलं की साखरेच्या पाण्यात एक काळी बुरशी वाढवली, तर ती हेच आम्ल भरपूर तयार करते. आज बाजारातलं बहुतेक लिंबूफूल साखरेवर किंवा मळीवर असंच होतं. कांद्याच्या सालीवर काळी पूड दिसते ना, तीच ही बुरशी! शरबत, जॅमच्या पाकिटावर 'आयएनएस ३३०' लिहिलेलं असतं, तेही हेच.

खरं सांगायचं तर शेवटच्या दाण्यात बुरशी उरत नाही. ती गाळून काढतात. पण खाखऱ्यावर फूग दिसली तर डबा बाजूला ठेवणाऱ्या आपण. फक्त ताटात काय आलं एवढंच बघायचं, की ते कसं बनलं तेही?

सून म्हणाली, "मग दह्यालाही विरजण लागतंच ना?" बरोबर आहे. पण दही कसं लागतं हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून त्याची काळमर्यादा पाळतो. लिंबूफुलाचं आपण कधी विचारलंच नाही.

मी कोणाला पाप लावत नाही. शंका असेल त्यांनी महाराजसाहेबांना जरूर विचारावं. माझ्यापुरतं मी ठरवलंय: तिथीच्या डाळीत आमसूल किंवा वाळवलेली चिंच. इथे गिरीजला दोन्ही सहज मिळतात. आमसुलाचं आम्ल लिंबाच्या आम्लाचंच भावंड, चिंचेतलं टार्टारिक. ढोकळ्यात आमचूर घालते. सोड्याला फुलायला आंबट हवं, ते कुठलंही चालतं.

उरलेलं लिंबूफूल वाया घालवलं नाही. बोअरच्या पाण्याने किटलीत पांढरा थर बसतो. चमचाभर टाकून पाणी उकळलं की थर विरघळतो. फक्त संगमरवराच्या ओट्यावर सांडू देऊ नका, तोही तसाच विरघळतो.

नियम पाळायचा तर डोळे उघडे ठेवून पाळावा, एवढंच माझं म्हणणं. तुमच्याकडे तिथीला आंबट काय घालता?