भरत नाही म्हणून सोडायची?

जखमेला दोनच वाटा असतात, एकतर ती भरते नाहीतर माणसाला घेऊन जाते, अशी आपली समजूत आहे. म्हणून भरण्याची आशा मावळली की उपचारही थांबतात आणि ‘आता घरी न्या’ असा सल्ला मिळतो. गाल फोडून बाहेर आलेला तोंडाचा कर्करोग, खाट धरलेल्या म्हाताऱ्याच्या माकडहाडावरची जखम, रक्त पोहोचत नसलेला साखरेच्या रुग्णाचा पाय या जखमा घेऊन माणसे महिनोन्‌महिने जगतात. घरी नेल्यावर जखमेला वास सुटतो, लस गळते, कापड चिकटून बसते, माश्या बसल्या की अळ्या पडतात. येणेजाणे कमी होते आणि रुग्णाची खाट हळूहळू मागच्या पडवीत सरकते. माझे म्हणणे असे की न भरणाऱ्या जखमेलाही उपचार असतो, फक्त त्याचे माप वेगळे असते. आणि तो आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला, जैनद, भीमपूर, उटनूरकडच्या घरांपर्यंत नेणे हे सरकारी आरोग्ययंत्रणेचे काम आहे.

हा उपचार म्हणजे हार मानणे, शिवाय ती परक्यांची कल्पना, असे म्हटले जाते. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले, तिथून आजची उपशामक चिकित्सा वाढली हे खरे. पण सुश्रुताने साध्य आणि असाध्य यांच्यामध्ये ‘याप्य’ असा तिसरा वर्ग मानला आहे: रोग जात नाही, पण उपचार चालू आहे तोवर रोगी सावरलेला राहतो, जसे पडायला आलेले घर नीट लावलेल्या टेकूवर उभे राहते. टेकू लावणाऱ्याला हरलेला कोणी म्हणत नाही. आणि या टेकूची सामग्री साधी आहे. कुजका वास येतो तो हवेविना वाढणाऱ्या जंतूंमुळे. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून ती पूड जखमेवर टाकली की बहुधा काही दिवसांत तो ओसरतो. धुण्यासाठी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ पुरते. रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले तर नवे मांसच दुखावते. चिकटलेली पट्टी ओढून काढायची नाही, आधी भिजवायची. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीचे पान ड्रेसिंग म्हणून वापरून पाहिले. ते चिकटत नाही, त्यामुळे काढताना दुखत नाही, आणि खर्चही नगण्य. वास गेला का, रात्री झोप लागली का, ड्रेसिंगच्या वेळी रुग्ण ओरडला का, नातवंडे पुन्हा जवळ बसू लागली का, हे या उपचाराचे माप.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘ही भरणार नाही’ असा शिक्का एकदा बसला की भरू शकणारी जखमही दुर्लक्षित राहील, ही भीती खोटी नाही. कुष्ठरोग्यांच्या तळपायाच्या जखमांबाबत नेमके हेच झाले. रोगाने मांसच सडते असे मानून त्यांना वाऱ्यावर सोडले जाई. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की संवेदना गेलेल्या पायावर पुन्हापुन्हा दाब आणि इजा होते म्हणून जखम होते; दाब काढला की ती भरते. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला आनंदवन सुरू केले, ते टाकून दिलेल्या अशाच माणसांसाठी. तेव्हा आधी निदान, साखर तपासणे, पायातला रक्तप्रवाह पाहणे, आणि दर दोन तासांनी कूस बदलणे हे झालेच पाहिजे. मात्र म्हणून वेदना आणि वास यांवरचा उपचार निकाल लागेपर्यंत थांबवून ठेवायचा, हे त्यातून निघत नाही. दोन्ही पहिल्या दिवसापासून बरोबरीने चालतात.

वेदनेवरच्या उपचारात मॉर्फिनचे नाव काढले की डॉक्टरही बिचकतात. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने ही भीती रुजवली. 2014 च्या दुरुस्तीने अत्यावश्यक औषधांसाठी देशभर एकच परवानापद्धत आणली, तरी भीती उरली आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कर्करोगाच्या वेदनेसाठी तोंडावाटे मॉर्फिन घेणाऱ्याला व्यसन लागणे विरळा. बद्धकोष्ठता मात्र होते आणि तिचे औषध सोबतच द्यावे लागते. ड्रेसिंगच्या अर्धापाऊण तास आधी दिलेल्या मात्रेमुळे रुग्णाची रोजची यातना टळते. ज्या देशात सरकारी परवान्याने अफू पिकते, त्या देशाच्या रुग्णाने दात खाऊन पट्टी बदलून घ्यावी, हे मला अन्यायाचे वाटते.

‘घरचे करतातच की,’ हा शेवटचा आक्षेप. करतात, आणि बहुतेक घरांत ते एकट्या सुनेच्या किंवा बायकोच्या अंगावर पडते, कापूसवेचणीच्या दिवसांतही. तिला कोणी शिकवलेले नसते. हैदराबाद इथून तीनशे किलोमीटर. आठवड्याला ड्रेसिंगसाठी तिथे कोण जाणार? हैदराबादच्या एमएनजे कर्करोग संस्थेच्या पाठबळावर तेलंगणाने जिल्ह्याजिल्ह्यांत उपशामक केंद्रे आणि घरी जाणारी पथके उभी केली, त्यांत आदिलाबादही आहे. आयुष्मान भारतच्या आरोग्य केंद्रांच्या बारा सेवांत उपशामक सेवाही मोडते. म्हणजे हक्क कागदावर आहे. पेनगंगेकाठच्या मराठी घरात आणि गोंड-कोलामांच्या पाड्यात तो त्यांच्या भाषेत पोहोचायला हवा, कारण कुठे दुखते हे माणूस आपल्याच बोलीत नीट सांगू शकतो. प्रत्येक उपकेंद्रात मेट्रोनिडॅझोल, गॉज आणि ते वापरायला शिकलेली परिचारिका असावी, एवढी मागणी ग्रामसभांनी ठरावाने करावी. आणि आशाताई पुढच्या वेळी दारी आल्या की लाज न धरता त्यांना मागच्या पडवीतल्या खाटेपर्यंत न्या.