गुणफलकापाशी बसविलेला विद्यार्थी

पॅरिस येथील २०२४ च्या पॅरालिम्पिक स्पर्धेत भारताने २९ पदके मिळविली. २०१२ साली लंडनमध्ये अवघे एक मिळाले होते. सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांच्या गोळाफेकीतील रौप्यपदकाचे महाराष्ट्राला कौतुक वाटावे, हे योग्यच आहे. तथापि कोणत्याही सामान्य माध्यमिक शाळेत खेळाच्या तासाला एखादा अधू मुलगा काय करीत असतो, हे पाहिले की या कौतुकाला मर्यादा पडते. बहुधा तो गुणफलकापाशी बसलेला असतो, नाहीतर इतरांची दप्तरे राखीत असतो. शिक्षक निर्दय असतो असे नव्हे. ‘पडला, लागले, तर जबाबदारी कोणाची?’ ही त्याची भीती खोटी नाही. तिच्यावरचा उपाय मात्र त्याला कोणी शिकविलेला नसतो.

शीतलदेवीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जम्मूतील किश्तवाडच्या या मुलीला जन्मतः हात नाहीत. ती पायाने धनुष्य धरते, खांद्याने प्रत्यंचा ओढते आणि जबड्याच्या साहाय्याने बाण सोडते. तिच्या प्रशिक्षकांनी हातांविना नेमबाजी करणाऱ्या कोणालाही पूर्वी शिकविले नव्हते. त्यांनी मुलीला साधनाच्या मापात बसविण्याऐवजी साधनच तिच्या शरीराला जुळवून घेतले. प्रशिक्षण म्हणतात ते हेच. एरवी शिट्टी कोणीही वाजवू शकतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ३० व्या कलमात क्रीडा अभ्यासक्रमांची पुनर्रचना, मैदानांच्या सोयी आणि प्रशिक्षणासाठी निधी या सर्वांचा उल्लेख आहे. यांपैकी मैदानाला रॅम्प बांधणे सर्वांत सोपे, कारण त्याचे उद्‌घाटन करता येते. पदकविजेत्याला रोख बक्षीस देणेही सोपेच. परंतु अर्थशास्त्राच्या साध्या हिशेबाने पाहता हा खर्च पीक हाती आल्यावर केलेला आहे. पेरणीच्या वेळी तिजोरी बंदच होती. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग होते. त्यांतील किती जणांपर्यंत प्रशिक्षक पोहोचला, हा हिशेब पदकांच्या तक्त्यात येत नाही. मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. पण १९६५ च्या युद्धात जखमी झालेला हा सैनिक पाण्यात उतरला तो उपचाराचा भाग म्हणून.

निधी कोठून आणावयाचा, हा आक्षेप येईलच. अंध धावपटूला लागते ती एक दोरी आणि तिचे दुसरे टोक धरून बरोबरीने धावणारा माणूस. दोरी स्वस्त आहे. माणूस घडवावा लागतो आणि त्याला मानधन द्यावे लागते. म्हणून शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी दिव्यांग विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिकविण्याचे प्रात्यक्षिक सक्तीचे करावे. तसेच तालुका पातळीवर प्रशिक्षक नेमताना माजी दिव्यांग खेळाडूंचा प्रथम विचार व्हावा. तोल कसा सावरावयाचा हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. नव्या इमारतींची वाट न पाहता येत्या शैक्षणिक वर्षापासूनच हे सुरू करता येईल.