झंस्कारचे पाणी आणि वाटाड्याचा नकार

वऱ्हाडातील माणसाला नदीचा अंदाज आभाळावरून येतो. मेळघाटावर ढग दाटले की सिपना, गडगा, खापरा फुगतात. पाऊस उघडला की उतरतात. पूर्णाकाठचा हिशेबही हाच. लडाखमधील झंस्कार नदी मात्र नेमकी उलट वागते. तेथे पाऊस अत्यल्प. उन्हाळ्यात पाणी येते ते मुख्यतः बर्फ आणि हिमनद्या वितळून. आकाश निरभ्र आणि ऊन कडक असेल, तेव्हाच नदी चढते. सकाळी सौम्य भासणारा प्रवाह काही तासांनी रौद्र होऊ शकतो. लेहच्या सहलीस जोडून या नदीवर राफ्टिंगचा बेत आखणाऱ्या कुटुंबाने हा फरक प्रथम ध्यानी घ्यावा.

पदुमजवळ स्तोद आणि लुंगनाक या प्रवाहांच्या संगमातून झंस्कार सुरू होते. खोल घळीतून उत्तरेकडे वाहत ती लेहपासून सुमारे ३५ किलोमीटरवरील निम्मू येथे सिंधूस मिळते. हिवाळ्यात ती गोठते आणि त्या बर्फावरून ‘चादर’ नावाची वाट चालते. जुलै-ऑगस्टमध्ये राफ्टने निघालेले प्रवासी काही दिवस या घळीत असतात. रात्री काठावर तंबू ठोकतात. २०२४ मध्ये निम्मू–पदुम–दारचा रस्ता जोडला गेला. तरीही उभ्या कड्यांमधून वर चढून रस्ता गाठणे सर्वत्र शक्य नसते.

महाराष्ट्रात कोलाडच्या कुंडलिकेवर राफ्टिंग केलेल्यास हा अनुभव परिचित वाटण्याचा संभव आहे. परंतु कुंडलिकेत जलविद्युत प्रकल्पातून सोडलेले पाणी येते. ते केव्हा येणार हे माणसाच्या हाती असते. झंस्कारचे पाणी सूर्याच्या हाती आहे.

म्हणूनच राफ्टवरील गाइड, म्हणजे पाण्याचा वाटाड्या, येथे सर्वाधिक महत्त्वाचा. ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘स्टॉप’ या त्याच्या आज्ञांवर सर्वांनी एका लयीत वल्ही मारायची असतात. पाण्यात पडल्यास पाठीवर तरंगावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत आणि वेगवान प्रवाहात उभे राहू नये, हे तो आधीच शिकवतो. पाऊल दगडांच्या फटीत अडकले, तर प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबतो. बर्फाच्या पाण्यात हातपाय लवकर बधिर होतात. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही लाइफ जॅकेट आणि हेल्मेट चुकत नाही.

अकोल्याच्या कापूस बाजारातील जाणकार रुईचा चिमटा बोटांत ओढून धाग्याची लांबी सांगतो. वाटाड्याही लाटेच्या आकारावरून पाण्याखालचा खडक ओळखतो. अडचण येते ती पुढे. माणशी रक्कम भरलेली, परतीचे विमान ठरलेले, आणि सकाळी वाटाड्या म्हणतो, “आज उतरायचे नाही.” व्यापारी मनाला वाटते, दाम दिले, माल मिळाला नाही. वस्तुतः त्या दामात घेतलेला सर्वांत मोलाचा माल हा नकारच असतो. यजमानांच्या आग्रहापुढे जो वाटाड्या नमतो, त्याच्या राफ्टमध्ये मुलाबाळांना बसवू नये.

यासाठी विसार देण्यापूर्वीच काही गोष्टी लेखी ठरवाव्यात. प्रवास थांबवण्याचा अंतिम अधिकार कोणाचा? थांबल्यास रकमेचे काय? बचावासाठी सोबत कयाक असतील का? वाटाड्याने ही नदी किती हंगाम पाहिली आहे? वयाची अट कोणती? लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे पोहोचल्यावर विश्रांतीचे दोन-तीन दिवस धरले आहेत का? हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शिधा आरंभीच राफ्टवर चढतो, वाटेत दुकान नसते. कंदमूळवर्ज्य आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन हवे असल्यास ते आरक्षणाच्या वेळीच सांगावे. सामान मोजके असावे आणि सर्व कचरा परत आणावा.

हा हंगाम नेमका चातुर्मासात येतो. ज्या घरांत या काळात दूरचा प्रवास वर्ज्य आहे, त्यांना कार्तिकी पौर्णिमेनंतर ऋषिकेशची गंगा मोकळी असते. शिवपुरी ते ऋषिकेश हा सुमारे १६ किलोमीटरचा टप्पा एका दिवसात होतो. वर्षाकाळात जीवरक्षणासाठी साधू-साध्वी विहार थांबवतात, हे पाहत वाढलेल्या समाजाला ऋतू पाहून थांबणे नवीन नाही. नदीकाठी वाटाड्याने थांबण्यास सांगितले, तर घरातील ज्येष्ठांनी तरुणांच्या आधी त्यास होकार द्यावा. मुले वाद न घालता लाइफ जॅकेट उतरवतील.