चिठ्ठीवरचे नाव

चहाचा घोट घेतला की तो तरुण हनुवटीवरून रुमाल फिरवायचा, हनुवटी कोरडी असली तरी. तपासणीच्या खुर्चीत बसल्यावरही तो रुमाल त्याच्या मुठीत होताच. चार वर्षांपूर्वी त्याच्या खालच्या जबड्याची शस्त्रक्रिया झाली होती. चावा छान जमला होता, चेहराही सुधारला होता. पण खालच्या ओठाची डावी बाजू बधिर राहिली होती. चहा ओघळला तरी कळत नाही, म्हणून ही सवय लागलेली. "डॉक्टर, असं होऊ शकतं हे मला आधी कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला. त्याला शस्त्रक्रियेला पाठवणारी चिठ्ठी माझी होती.

ओठ बधिर होणे हा या शस्त्रक्रियेचा ज्ञात धोका आहे. निष्णात सर्जनच्या हातूनही तो पूर्णपणे टळत नाही. त्यामुळे त्या बधिरपणाचा दोष मी सर्जनना देत नाही. चूक माझी होती. ज्यांचे नाव मी लिहिले त्यांना मी कधी शस्त्रक्रिया करताना पाहिले नव्हते. ते रुग्णाला काय सांगतात, संमतीपत्र कोणत्या भाषेत असते, हे कधी विचारले नव्हते. परिषदेतली ओळख आणि दिवाळीची शुभेच्छापत्रे, एवढ्या भांडवलावर मी एका माणसाचा चेहरा त्यांच्या हवाली केला होता.

हा अंक जबड्याच्या शस्त्रक्रियांना वाहिलेला आहे. सर्जनची निवड रुग्ण करतो, असे आपण म्हणतो. पण चिपळूण, लातूर किंवा सांगलीचा रुग्ण त्याच्या नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या नावाकडेच बहुधा जातो. म्हणजे निवड आपण करतो. ती कशाच्या आधारे करतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवे.

पदवी ही पहिली पायरी. बीडीएसनंतर ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरीत तीन वर्षांची एमडीएस आणि राज्य दंत परिषदेकडे त्या पदव्युत्तर पात्रतेची नोंद, हे तपासायला फार वेळ लागत नाही. कवटी आणि चेहऱ्याच्या विकृतींवर काम करणारे प्लास्टिक सर्जनही या क्षेत्रात आहेत. मात्र पदवीचा पसारा मोठा आहे. अक्कलदाढा, अपघातातले फ्रॅक्चर, सांध्याचे अँकायलोसिस, दुभंगलेले ओठ-टाळू, कर्करोग, इम्प्लांट हे सगळे त्यात येते. फ्रॅक्चरच्या कामात हात बसलेला माणूस जबडा पुढेमागे सरकवण्याच्या शस्त्रक्रियेतही तितकाच तरबेज असेल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून थेट विचारावे: "सर, नेमकी हीच शस्त्रक्रिया गेल्या वर्षभरात तुम्ही किती वेळा केलीत?" ज्याचे काम चोख आहे त्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

हा प्रश्न का विचारायचा, हे शस्त्रक्रियेकडे पाहिले की कळते. ह्यूगो ओब्वेगेसर यांची सॅजिटल स्प्लिट पद्धत १९५७ साली इंग्रजीतून प्रसिद्ध झाली आणि आजही खालच्या जबड्यासाठी मुख्यतः तीच वापरली जाते. तोंडाच्या आतूनच हाड कापायचे आणि फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे त्याचे आतले व बाहेरचे पदर वेगळे करायचे. त्या दोन पदरांच्या मधूनच ओठाला संवेदना देणारी नस जाते. मग दात असलेला भाग हव्या त्या जागी नेऊन स्क्रू किंवा प्लेट बसवायची. त्या वेळी दोन्ही बाजूंचे काँडाइल आपापल्या खोबणीत नीट बसलेले असावे लागतात. भुलीखाली स्नायू सैल असतात, त्यामुळे चूक लगेच दिसत नाही. रुग्ण जागा झाला, इलॅस्टिक काढले, की चावा उघडतो आणि मग ती कळते. असे काम वर्षातून एखाददुसऱ्या वेळी करून हातात मुरत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची, आणि तिथे आपल्याकडून सर्वांत जास्त नुकसान होते. खालचा जबडा पुढे आलेला रुग्ण येतो. आपण खालच्या प्रीमोलर काढून, पुढचे दात मागे ओढून चावा झाकायचा प्रयत्न करतो. ते जमले नाही की दोन वर्षांनी सर्जनचे नाव काढतो. शस्त्रक्रियेआधी दात नेमके उलट दिशेने हलवावे लागतात: खालचे पुढे, वरचे मागे. आधी झाकलेला दोष पुन्हा उघडा करावा लागतो, आणि काढलेले दात तर परत येत नाहीत. म्हणून तार लावण्यापूर्वी ऑर्थोडॉन्टिस्ट आणि सर्जन यांनी रुग्णाला एकत्र पाहायला हवे. जो सर्जन या पहिल्या बैठकीचा आग्रह धरतो, त्याच्याकडे रुग्ण निर्धास्तपणे पाठवावा.

तिसरी गोष्ट म्हणजे "आत्ता नको" म्हणण्याची तयारी. पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन पालक येतात. शाळेत चिडवतात म्हणून घाई असते. त्याचा जबडा अजून वाढत असेल तर आज केलेली शस्त्रक्रिया उद्या अपुरी पडेल. काही महिन्यांच्या अंतराने काढलेले लॅटरल सेफ शेजारी शेजारी ठेवून, वाढ थांबल्याची खात्री होईपर्यंत पालकांना थांबवणारा सर्जन त्या मुलावर उपकारच करत असतो.

शस्त्रक्रिया कुठे होणार, हेही पाहावे. नाकातून नळी घालून भूल देण्याचा सराव असलेले भूलतज्ज्ञ आहेत का? पहिल्या रात्री सूज वाढते, तेव्हा रुग्णाजवळ कोण असते? जबडे तारेने बांधणार असतील तर खाटेच्या उशाशी वायर कटर असतो का, आणि तो कुठे चालवायचा हे रात्रीच्या सिस्टरना माहीत आहे का? उलटी झाली तर त्या क्षणी सर्जन नसतो, सिस्टरच असते.

संमतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ साली स्पष्ट सांगितले आहे की धोके आणि पर्याय रुग्णाला पुरेसे समजावून घेतलेली संमतीच खरी संमती. "ओठ बधिर होईल, बहुतेकांचा पूर्ववत होतो, काहींचा कायम तसा राहतो," ही तीन छोटी वाक्ये मराठीत सांगायला एक मिनिटही लागत नाही. त्या तरुणाला तीच मिळाली नाहीत. सर्जनने सांगायला हवी होती, आणि चिठ्ठी लिहिताना मीही.

आता कटबद्दल. रुग्ण पाठवण्यासाठी कमिशन देणे-घेणे दंतवैद्यांच्या २०१४ च्या आचारसंहितेत निषिद्ध आहे. ज्या चिठ्ठीमागे पाकीट असते, तिच्यावरचे नाव निवडलेले नसते, विकलेले असते. हे लिहिताना संकोच वाटत नाही. वाटायला हवा तो पाकीट घेताना.

वाचकांना एकच विनंती. आपण ज्यांच्याकडे जबड्याचे रुग्ण पाठवता, त्यांना या महिन्यात फोन करा. त्यांच्या परवानगीने एक दिवस थिएटरमध्ये उभे राहा. एक वर्ष उलटलेले त्यांचे दोन-तीन रुग्ण, त्यांची संमती घेऊन, स्वतः तपासा. चावा पाहा, आणि डोळे मिटायला सांगून ओठावर कापसाची वात फिरवा. मगच पुढची चिठ्ठी लिहा. मी आता तसेच करतो, आणि माझ्या चिठ्ठीवर पूर्वी जी चार नावे असत, त्यांतली दोनच उरली आहेत.

— संपादक