पाना कुणाच्या हातात?



“मालक कुठंयत?”

मोशीच्या अलीकडे एका गॅरेजवर मी गाडी ढकलत नेली, तेव्हा मला विचारलेला हा पहिला प्रश्न. गाडी चालवत होते मी. ढकलत आणली मी. मागे एका हॉटेलच्या ओट्यावर सासूबाई बसल्या होत्या, दम्यानं कासावीस झालेल्या. त्यांना चाकणहून पिंपरीला दवाखान्यात न्यायचं होतं आणि नवरा सेकंड शिफ्टला होता. संध्याकाळचे साडेसात, पुणे-नाशिक रस्त्यावर कंटेनरची रांग, आणि गाडी दोनदा खोकून बंद पडली. किक मारून मारून पाय भरून आला. दोन पोरं थांबली. “आम्ही बघतो ना,” म्हणाली आणि गाडीकडे कमी, आमच्याकडेच जास्त बघत राहिली. त्यांना टाळून गॅरेज शोधण्यात तास गेला.

गॅरेजवाल्यानं केलं काय? प्लगची टोपी उपटली, पाना लावला, प्लग बाहेर काढला. त्याच्या तोंडाला काजळी धरली होती. पॉलिश पेपरनं घासली, प्लग परत बसवला. पाच मिनिटं!

पाच मिनिटांच्या कामासाठी एक म्हातारी बाई तासभर श्वासासाठी धडपडत बसली. का? तर तिच्या सुनेच्या हातात कुणी कधी पाना दिला नव्हता. आणि सुनेनंही तो कधी मागितला नव्हता. हे दुसरं वाक्य लिहिताना मला जास्त लाज वाटते.

लाज वाटायचं आणखी एक कारण आहे. त्या वेळी मी चाकणच्याच एका कारखान्यात वाहनांच्या वायरिंग हार्नेस बांधत होते. म्हणजे वीज गाडीत कुठून कुठे खेळते ती वाट आम्ही बायकाच रोज हातानं तयार करत होतो. “तुमची बोटं चपळ, बारीक कामाला बायकाच बऱ्या,” असं आमचे सुपरवायझर म्हणायचे. पण तीच बोटं दारातल्या मोटारसायकलच्या इंजिनाजवळ गेली की घरातला दहा वर्षांचा पोरगासुद्धा म्हणतो, “आई, तुला नाही कळायचं.”

ही समजूत आपल्या पट्ट्याच्या पायातच घातलेली आहे. १९७४ साली टेल्कोनं इंजिनिअरांसाठी जाहिरात दिली, त्यात स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्तींनी, थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि त्यांना पुण्यात नोकरी मिळाली. एका पोस्टकार्डानं एक दार उघडलं. पण पोस्टकार्ड लिहू न शकणाऱ्या हजारो जणींचं काय? १९४८ च्या कारखाने कायद्यात चालू यंत्राचे मुख्य भाग बाईनं साफ करू नयेत, त्यांना तेल घालू नये, ते जुळवू नयेत असं कलमच होतं. संरक्षणाच्या नावानं आलेलं हे कलम. यंत्र चालू असताना हात घालणं पुरुषालाही धोक्याचंच, पण कलमानं रोखलं ते बाईला आणि अल्पवयीनांना. तो कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितेत विरघळला. समजूत काही विरघळली नाही.

आता दुसरी बाजू बघा. २०१६ च्या अखेरीस बजाजच्या चाकण कारखान्यातून डॉमिनार ही दणकट मोटारसायकल बाहेर पडली, ती सगळी बायकांनीच चालवलेल्या लाइनवरून. त्या गाडीच्या एका सिलिंडरला तीन-तीन प्लग! वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, आपणही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला माणसं कमी पडली तेव्हा तिथल्या बायकांच्या हातात असेच पाने दिले गेले. १९४५ मध्ये राजकन्या एलिझाबेथसुद्धा सैन्यात गाडीदुरुस्ती शिकली. तेव्हा बाईला यंत्र कळतं की नाही, हा प्रश्न कधी नव्हताच. मालकाला गरज लागली की कळतं, गरज संपली की कळत नाही. प्रश्न आहे तो हा, की कळलेलं ज्ञान बाईच्या मालकीचं होतं का? की ते कारखान्याच्या गेटवरच जमा करून घरी यायचं?

आणि घरी तरी आपण यंत्रांशिवाय कुठे असतो? आठवा आपल्या आयांचे रॉकेलचे स्टोव्ह. पंप मारायचा, बर्नर तापवायचा, तो चोंदला की पिन मारायची. काजळी काढणं, बारीक भोक मोकळं करणं, ज्योत निळी होईपर्यंत जुळवणं, हे सगळं इंजिनाचंच काम आहे! दाबाखालचं रॉकेल आणि आग बाईच्या हवाली करताना कुणी म्हटलं नाही की हे तिला झेपणार नाही. त्या स्टोव्हच्या ‘भडक्यात’ किती जणी गेल्या आणि त्यातल्या किती जणींना घालवलं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? १९८३ मध्ये ४९८ अ कलम आलं ते अशाच जळालेल्या बायकांसाठी लढून. जे यंत्र बाईला चुलीपाशी बांधून ठेवतं ते तिचं, आणि जे तिला उंबऱ्याबाहेर नेतं ते मात्र तिच्या आवाक्याबाहेरचं. ही वाटणी अवघड-सोप्याची नाहीच.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटानं ठरवलं. एका रविवारी अंगणात आठ जणी बसलो, मध्ये आमची जुनी मोटारसायकल. जे शिकलो ते सांगते, कारण नुसत्या संतापानं गाडी सुरू होत नाही.

इंजिन गार होऊ द्या. प्लगभोवतीची धूळ आधी पुसा, ती सिलिंडरमध्ये पडता कामा नये. रबरी टोपी धरून ओढा, वायर ओढू नका. प्लगचा पाना नीट बसवून डावीकडे फिरवा. निघालेल्या प्लगचं तोंड वाचा. फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. ओला तेलकट असेल तर ऑइल आत येतंय. पांढराफटक असेल तर इंजिन फार तापतंय. टोकांमधली फट किती हवी ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. बऱ्याच गाड्यांना ०.७ ते ०.८ मिलिमीटर लागते. नवा प्लग त्याच पुस्तिकेत दिलेल्या नंबरचाच घ्या. बसवताना आधी पाना लावू नका, बोटांनीच फिरवा. इंजिनाचं डोकं अॅल्युमिनियमचं, मऊ असतं. प्लग तिरका गेला की आटे गेले. वॉशर टेकला की मग पान्यानं साधारण अर्धा फेरा. जुनाच प्लग परत लावत असाल तर त्याहूनही कमी. बस्स.

बघा, ताकद कुठे लागली? उलट जोर लावला तर नुकसान. ‘बाईच्या अंगात जोर नाही’ हे कारण पहिल्याच प्लगला निकालात निघालं.

तरी आक्षेप आलेच. एकजण म्हणाली, “पन्नास-शंभर रुपयांत मेकॅनिक करतो की.” करतो. पण तो रात्री मोशीच्या रस्त्यावर नसतो. दुसरी म्हणाली, “आधीच दोन पाळ्या मरतोय, एक कारखान्यात, एक घरात. आता गाडीही आमच्याच गळ्यात?” हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर असं की पाना घेताना पोळपाट-लाटणं हातातून सोडायचं. गाडी दुरुस्त करताना नवरा ‘मी कामात आहे’ म्हणून चहा मागतो ना? आपणही मागायचा! तिसरी म्हणाली, “आता विजेच्या गाड्या आल्या, त्यांना प्लगच नसतो.” खरं आहे. आकुर्डीतच २०२२ मध्ये विजेच्या स्कूटरचा नवा कारखाना सुरू झाला. मग त्या गाडीचा फ्यूज, चार्जर, बॅटरी कोण शिकणार? आज हात मागे घेतला तर उद्याही “मालक कुठंयत?” हेच ऐकावं लागेल.

शेवटी आपल्याच संघटनांना चार शब्द. आपल्या प्रशिक्षणांच्या याद्या काढून बघा. शिवण, पापड-लोणची, ब्यूटी पार्लर. सरकार देतं तेच आपण वाटतो. शिवणयंत्राचा ताण केसाइतका जुळवणाऱ्या बाईला आपणही कधी म्हटलं नाही की हे तुझं यंत्रज्ञान आहे, ते पुढे ने. बाईनं रात्री निर्भयपणे फिरावं अशा घोषणा आपण देतो; तिची गाडी रात्री बंद पडली तर काय, याचा विचार आपल्या शिबिरांत होत नाही.

पुढच्या शिबिरात एक तास यासाठी ठेवा. एक जुनी गाडी, एक पाना, एक नवा प्लग, एवढाच खर्च. आणि शिकवायला शक्यतो बाईच बोलवा, लाइनवर काम करणाऱ्या पुष्कळ जणी आहेत.

आमच्या घरी आता पाना गाडीच्या डिकीत असतो, सोबत एक नवा प्लग. परवा तपासणीसाठी दवाखान्यात निघालो, तर सासूबाईंनी गाडीवर बसण्याआधी विचारलं, “पाना घेतलास ना गं?” मालक कुठे आहेत, ते त्यांनी विचारलं नाही.