तेलाचा राखणदार

मराठीच्या मास्तराने तेलाच्या डब्यात डोकावू नये, असे कोणी म्हणेल. पण तेलातल्या एका द्रव्याचे बारसे भाषेच्याच प्राध्यापकाने केलेले असल्यामुळे माझा थोडा हक्क पोहोचतो. १९२२ साली कॅलिफोर्नियात इव्हान्स आणि बिशप यांना असे आढळले, की एका अज्ञात द्रव्यावाचून उंदरांचे गर्भ टिकत नाहीत. हेच ‘ई’ जीवनसत्त्व. ते वेगळे काढल्यावर ग्रीकचे प्राध्यापक कॅल्हून यांनी त्याला नाव सुचविले टोकोफेरॉल, म्हणजे अपत्यजन्म घडविणारे.

तेलात मात्र त्याचे काम राखणदाराचे. हवेतला प्राणवायू तेलावर चाल करून आला, की ते स्वतः खर्ची पडते आणि तेल वाचविते. ते संपत आले, की खवट वास सुटतो. म्हणजे नाकाला बातमी पोहोचते तेव्हा गड बहुधा पडलेला असतो.

रिफाइंड तेल करताना वास घालविण्यासाठी दोनशे अंशांहून अधिक तापलेल्या तेलातून निर्वातात वाफ सोडतात. वासाबरोबर काही टोकोफेरॉलही उडते. तेच गोळा करून त्याच्या ‘नैसर्गिक’ गोळ्या बनतात. आपलेच धन आपल्याला पुन्हा विकत!

म्हणून घाण्याच्या तेलाचे स्तोम माजवावे असेही नाही. शेंगदाण्याला बुरशी असेल तर अफ्लाटॉक्सिन हे विष घाण्याच्या तेलात उतरते. शुद्धीकरणात ते जवळजवळ निघून जाते. तेव्हा घाणेवाला दाणे निवडून घेतो का, हे आधी पाहावे. शिवाय रिफाइंड सूर्यफूल तेलातही शंभर ग्रॅममागे सुमारे ४० मिलिग्रॅम ‘ई’ उरतेच. खोबरेलात मुळातच नाममात्र.

खरी नासाडी आपल्या ओट्यावर होते. शेगडीशेजारी, खिडकीच्या उजेडात काचेची बरणी, झाकण अर्धवट! कल्हई उडालेल्या पितळी भांड्यातले तांबेही तेल लवकर बिघडविते. आणि चकल्यांचे उरलेले तेल नव्यात ओतले, की नव्याचाही राखणदार लवकर खर्ची पडतो. उपाहारगृहांच्या जुन्या तेलाला सरकारने २०१८ पासून मर्यादा घातली. घरच्या कढईला कोण विचारतो?

आमच्याकडे यावरून दरसाल खटका उडतो. तेल टाकणे म्हणजे लक्ष्मी टाकणे, हे आईचे म्हणणे; ते फोडणीला नको, हे सौभाग्यवतींचे. यंदा ते गाळून पणत्यांत घालायचे ठरले आहे. आईची अट एकच, पणत्या मागच्या वर्षीपेक्षा जास्त लावायच्या.