रीलमध्ये शेवटचा अंतरा येत नाही

वामनदादा कर्डकांच्या कुठल्याही गाण्याचा शेवट आठवून पाहा. बहुतेक ठिकाणी त्यात 'वामन' हे नाव येतेच. गाणे तोंडोतोंडी गावोगाव गेले, गायक बदलले, चाली बदलल्या, तरी ते कुणाचे हे सांगायची सोय गाण्यातच होती. आज त्याच गाण्याची तीस सेकंदांची रील होते. मुखडा वाजतो, शेवटचा अंतरा कापला जातो आणि कवीचे नाव गळते.

मोबाइलमुळे जलशाचा काळ परत आला, असे आपल्यातले काही जण म्हणतात. मला ते अर्धेच पटते. जलशात शाहीर समोर उभा असायचा, त्याला विचारता यायचे. 'मूकनायक' (1920), 'बहिष्कृत भारत' (1927), 'जनता' (1930) यांच्या अंकांवर तारीख असायची, जबाबदार माणसाचे नाव असायचे. व्हॉट्सअॅपचा फॉरवर्ड दिसतो छापल्यासारखा, पसरतो कानगोष्टीसारखा. 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरला बाबासाहेबांच्या फोटोखाली जी वाक्ये फिरतात, त्यातल्या कितींखाली खंड आणि पान असते?

मौखिक परंपरा म्हणजे ढिसाळ कारभार, असे मात्र नाही. तिपिटक श्रीलंकेत इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहिले गेले. त्याआधी कित्येक पिढ्या भाणकांनी ते पाठ करून जपले. सगळे मिळून म्हणत, त्यामुळे एकाची चूक दुसऱ्याच्या कानाला खटके. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी कसोटीही दिली आहे: हे बुद्धाच्याच तोंडून ऐकले असे कुणी म्हणाला, तरी लगेच मान्य करू नये, झिडकारूही नये, सुत्त आणि विनयाशी ताडून पाहावे.

पण ताडून पाहायला ग्रंथ हाताशी हवा ना! महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड 1979 मध्ये काढला, वसंत मून यांच्या संपादनाखाली. पुढे छपाई इतकी रखडली की डिसेंबर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला वृत्तपत्रातील बातमीची स्वतःहून दखल घ्यावी लागली. इंग्रजी खंडांच्या पीडीएफ परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत. अठराव्या खंडातली मराठी भाषणे शासनाने युनिकोडमध्ये, शब्द टाकताच पान सापडेल अशी, मोफत खुली करावीत. ही मागणी प्रत्येक विद्यार्थी संघटनेच्या निवेदनात पहिल्या क्रमांकावर हवी.

तोवर ग्रुप अॅडमिनांनी एवढे करावे: खंड-पान नसेल तर वाक्य बाबासाहेबांच्या नावावर चालू द्यायचे नाही. आणि रील करणाऱ्यांनो, वामनदादांचा मुखडा घेताय तर शेवटचा अंतराही घ्या.